पहिलं घर पुसू नये

श्री ढुंढिराज प्रसन्न

मी, श्रीमती शरदिनी गोपीनाथ टोकेकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार दूधविनायक, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे आणि बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असतं आणि कोणी ते वाचत नाही. इथे मात्र ते नीट वाचावं, कारण माझ्या पोटच्या मुलाचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी साठी होऊन दहा-अकरा वर्षं झाली. बुद्धीला पळायचं असतं तर एव्हाना ती गंगेपार रामनगरला जाऊन स्थायिक झाली असती.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचं कोणी दाखवलं तर तो कागद खोटा समजावा.

कलम एक. या कागदात जिथे नुसतं 'हे' येईल तिथे माझे दिवंगत पती समजावेत. वकीलसाहेबांचा याला आक्षेप आहे. सर्वनामावर मिळकत ठरत नाही म्हणतात. मी त्यांना सांगितलं, याच सर्वनामावर माझा शेहेचाळीस वर्षांचा संसार ठरला, तुमचा कागद कोण लागून गेला. नाव वर एकदा लिहिलं आहे. लिहायला माझी ना नाही, तोंडाने मी नाव घेत नाही. हे जाऊन तीन वर्षं झाली तरी घेत नाही. ज्यांना ही खोड हास्यास्पद वाटते त्यांनी खुशाल हसावं, पण पुढे वाचावं. सगळं रामायण या एका 'हे'पायी झालं आहे.

कलम दोन. घर. दूधविनायकच्या आमच्या इमारतीतला दुसरा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची, ही माझ्या नोकरीच्या पैशातून घेतलेली स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलोपार्जित त्यात एक खिळासुद्धा नाही. तिची विल्हेवाट लावायचा हक्क माझा एकटीचा. ती सर्व मिळकत मी माझी नात मालविका हिला देते.

मालविका ही माझा एकुलता एक मुलगा देवदत्त याची मुलगी. देवदत्त दिल्लीला असतो. त्याला ही जागा एका लॉजवाल्याला विकायची आहे. लॉजवाला आमच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून परदेशी पाहुण्यांना गंगादर्शन घडवणार म्हणे. आमच्या गच्चीवरून गंगा बोटभर दिसते, आणि तेही टाचा उंचावल्या तर. मला देवदत्त दिल्लीला नेऊन ठेवणार आहे. तिथे माझ्यासाठी बाल्कनीतली खोली काढली आहे, असं त्याने तीनदा सांगितलं. खोलीला बाल्कनी आहे की बाल्कनीलाच खोली केली आहे, हे मी विचारलं नाही.

मालविका बारावीनंतर इथे विद्यापीठात शिकायला आली, आमच्याजवळ राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी तिने इथल्याच कुणाल श्रीवास्तव या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. तेव्हापासून बाप लेकीशी बोलत नाही. म्हणतो, हिची मराठी आधीच मोडकी, आता तर काय, टोकेकरांचं घर परक्यांच्या घशात जाणार.

मराठी मोडकी आहे, कबूल. "आजी, मी नहाऊन येते, तोवर तू नाश्ता करून घे," असं बोलते. मला तिचं सगळं कळतं आणि तिला माझं सगळं कळतं, म्हणींसकट. देवदत्त शुद्ध मराठीत बोलतो आणि त्यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. त्याच्या दिल्लीच्या घरात फ्रीजपासून देवापर्यंत सगळ्यांशी हिंदीच बोलतात, हेही इथे नोंदवून ठेवते.

कलम तीन. राखाडी रंगाचा गेमबॉय, म्हणजे हातात मावणारं खेळाचं यंत्र, कॅसेटीसह. ही माझी सगळ्यात मौल्यवान चीजवस्तू, म्हणून तिचा इतिहास देणं भाग आहे.

१९९१ साली देवदत्त कंपनीच्या कामाने सिंगापूरला गेला आणि तिथून त्याने हे यंत्र मालविकेसाठी आणलं. आणल्यावर त्याच्या ध्यानात आलं, पोरीचं दहावीचं वर्ष. मग उन्हाळ्यात इथे आला तेव्हा गुपचूप यंत्र आमच्या हवाली केलं आणि तिला दिसणार नाही असं लपवा म्हणाला. ह्यांनी ते देव्हाऱ्याखालच्या कपाटात लपवलं. हे डिझेल इंजिनांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. कुठलीही वस्तू बंद ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. यंत्र बिघडलं तर नाही ना, एवढंच पाहायला म्हणून त्यांनी ते चालू केलं. मालविकेची दहावी झाली, बारावी झाली. यंत्र परत कोणी मागितलं नाही आणि आम्ही दिलं नाही.

या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. उन्हात धरलं तरच चित्र दिसतं. आता आमच्या गल्लीत ऊन कसलं येतंय! गच्चीवर जावं तर माकडं. त्यांनी एकदा यंत्र पळवून समोरच्या देवळाच्या कळसाशी नेलं होतं, चार केळी घेऊन परत दिलं. म्हणून मग आम्ही दोघं सकाळी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. आधी ह्यांची पाळी, मग माझी. तळमजल्यावरचे काशीनाथशास्त्री स्नान करून वर येताना थांबून बघायचे आणि गणेशोत्सवात सगळ्या मराठी मंडळींसमोर सांगायचे की काशीत येऊन लोक मोक्ष मिळवतात, टोकेकर गुण मिळवतात. हे नुसते हसायचे. हे गेल्यावर मी एकटी बसू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी विधवेला हे शोभत नाही असा निरोप पाठवला. या यंत्राच्या सर्व संपलेल्या पेन्सिल सेलची गोणी मी काशीनाथशास्त्र्यांना देते. त्यांनी ती छातीशी धरून बसावं, शोभेल.

खेळ कॅसेटीत असतो. देवदत्त म्हणतो तिला कार्ट्रिज म्हणतात. म्हणत असतील सिंगापुरात, बनारसमध्ये कॅसेटच म्हणतात. ती कधीकधी लागत नाही. गोदौलिया चौकातल्या दुकानातली पोरं अशा वेळी कॅसेट तोंडाशी धरून फूंऽऽ करून फुंकतात आणि पुन्हा घालतात. आमच्याकडे देव्हाऱ्याखाली ठेवलेल्या वस्तूला तोंडाने फुंकणं म्हणजे ती उष्टी करणं. ह्यांना मुळीच खपायचं नाही. आपल्या नकाशांवरचा रबराचा चुरा झाडायचा मऊ ब्रश होता, त्याने हे कॅसेटीचे दात, म्हणजे तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या, झाडायचे. देवदत्त तेव्हा पोट धरून हसला होता. त्याने दिल्लीला स्वतःसाठी घेतलेल्या यंत्राच्या कॅसेटी फुंकून फुंकून, थुंकीच्या ओलीने हिरव्या पडल्या आणि बंद झाल्या. आमची आजतागायत लख्ख आहे. सोवळ्याचा एवढा फायदा शास्त्रीबुवांनासुद्धा झालेला नाही.

ह्या कॅसेटीत कंदील घेतलेला एक बुटका माणूस गुहांमधून किल्ल्या शोधत हिंडतो. खेळ मध्येच ठेवून उठलं तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालतो, कारण कॅसेटीत तो साठवायच्या तीन जागा आहेत. सारीपाटाच्या सवयीने हे त्यांना 'घरं' म्हणायचे. प्रत्येक घराला नाव द्यायचं असतं आणि त्याला इंग्रजी पाचच अक्षरं मावतात. पहिल्या घरात ह्यांनी आपलं नाव घातलं. ते 'गोपीन'वर येऊन थांबलं. 'गोपीन' आणि 'कौपीन', म्हणजे आपण निदान लंगोटीवर तरी आहोत, असं स्वतःच म्हणून हे दोन दिवस हसत होते. दुसऱ्या घरात माझं नाव आहे. ह्यांनी मला एकांतात ज्या नावाने हाक मारली ते पाच अक्षरांत बरोब्बर बसलं. काय ते इथे लिहीत नाही.

कलम चार. माझ्या डोक्याबद्दल.

हे गेले तेव्हा पहिल्या घरातले हे शेवटच्या गुहेच्या शेवटच्या दारापाशी उभे होते. किल्ली हातात होती. तेवढ्यात पक्षाघाताचा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मी ते दार उघडलं नाही. दार उघडलं की खेळ संपतो, आणि मला तो संपवायचा नव्हता. रोज सकाळी पहिलं घर उघडते, ह्यांना गुहेबाहेर काढते, त्या चित्रातल्या गावात विहिरीपर्यंत फिरवून आणते, आणि परत दारापाशी आणून ठेवते. जिवंतपणी कधी मी सांगेन त्या बाजूला वळले नाहीत, आता वळतात.

आता ह्या बुटक्याला मी काय म्हणणार? त्याचं नाव ह्यांचं. अर्धवट असलं तरी नाव ते नावच. मी 'हे'च म्हणते. माझी सून देवयानी रविवारी फोन करते. मी तिला म्हणायची, "थांब गं, ह्यांना जरा विहिरीपाशी सोडते, मग बोलते." कधी म्हणायची, "काल ह्यांना साप चावला, आता बरे आहेत." मला काही वावगं वाटलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही. तिने ते सगळं गोळा करून नवऱ्याला सांगितलं. मग दिल्लीत ठरलं की आई भ्रमिष्ट झाली, बाबा गेलेत हे तिला कळत नाही, तिच्या सहीला आता अर्थ नाही आणि घराचं काय ते मुलानेच बघायला हवं.

गेल्या दिवाळीला दोघं आली. टीव्हीच्या दुकानात 'जुना द्या, नवा घ्या' चाललं होतं. देवदत्तने माझा जुना टीव्ही खोक्यात घातला आणि त्याच खोक्यात गेमबॉयही टाकला, दुकानदार काहीतरी किंमत कापून देईल म्हणून. मला गोदौलियाच्या चौकात हातगाडी थांबवून, भर गर्दीत खोकं उघडायला लावून ते परत काढावं लागलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, बाबा गेले. तो खेळ आहे." मी म्हटलं, "गेले हे मला तुझ्याआधी कळलं, देवा. त्यांचा हात माझ्या हातात होता."

दुसऱ्या दिवशी त्याने भोसले घाटावरच्या डॉक्टर रत्नाकर आठल्यांना बोलावून आणलं. माझी तपासणी करून डोकं फिरल्याचा दाखला द्यावा म्हणून. डॉक्टरांनी वार विचारला, तिथी विचारली, शंभरातून सातसात वजा करायला सांगितलं. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. मी वजाबाकी संपवून उलट बेरीज सुरू केली तेव्हा त्यांनीच थांबवलं. मग देवयानीने यंत्र पुढे केलं आणि म्हणाली, आता विचारा, ह्यात कोण आहे. डॉक्टरांनी विचारलं. मी गप्प. पुन्हा विचारलं. मी गप्प. देवदत्तने मान हलवली, बघितलंत ना म्हणाला. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि जीभ उचलत नव्हती. घर जायची वेळ आली होती त्या गप्प बसण्यापायी.

डॉक्टरांनी एकदा पडद्यावरची ती पाच अक्षरं वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना उमगलं. त्यांची आईही अशीच होती. ते म्हणाले, "शरदिनीताई, असं नाही चालायचं. नाव घ्या."

विधवेला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. देवयानीने तोंडावर हात ठेवला. मी पदर सारखा केला आणि घेतलं:

गुहेच्या तोंडाशी साप, दिवा लावते आत,
गोपीनाथरावांना धरलंय मी तळहातात.

डॉक्टर मोठ्याने हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले. त्यांनी दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. 'बुद्धी शाबूत, जीभही शाबूत,' असा मजकूर आहे. देवदत्तला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. कसली लाज! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. निघताना जिन्यात म्हणाला की हा सगळा पोरखेळ आहे, लॉजवाल्याला मी शब्द दिलाय. शब्द त्याने दिला असेल, जागा माझी आहे. म्हणून हा कागद.

कलम पाच. जांभळ्या रंगाचं नवं यंत्र.

ते यंदा होळीला कुणालने दिलं. त्याच्या बहिणीने दुबईहून आणलं. रंगीत पडद्याचं, आकाराने लहान, आणि चारऐवजी दोन सेलांवर चालणारं. मी म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली, मला नको. माझी कॅसेट जुनी, ती ह्यात घातली आणि आतलं सगळं पुसलं गेलं म्हणजे? कुणाल म्हणाला, "आजी, पुराना भी चलेगा इसमें. लगाके तो देखिए." मग त्याने कॅसेट हातात घेतली. मी बघत होते. तोंडाशी नेली नाही. देव्हाऱ्यापाशी गेला, ह्यांचा ब्रश आणला, दात झाडले, आणि कॅसेट माझ्या हातात दिली. मी ती आत घातली. बटण सरकवलं. पहिलं घर होतं तिथे होतं. हे दारापाशी उभे होते, हातात किल्ली. फक्त इतकी वर्षं काळपट दिसणारा कंदील आता लाल होता आणि अंगरखा हिरवा. मी गच्चीवर बसून रडले. मालविका म्हणाली, आजी, आजोबा एकदम हिरो दिसतायत. दिसत होतेच.

त्या दिवशी कुणालने मला कॅसेटींचे तीन प्रकार समजावले, ते इथे नमूद करते, कारण माझ्या वाटणीचा हिशोब त्यावर बसला आहे. राखाडी कॅसेट जुनी, ती दोन्ही यंत्रांत चालते. काळी कॅसेट नवी, पण तीही दोन्हीत चालते, मात्र रंग नव्यातच दाखवते. तिसरी पारदर्शक. तिला कोपऱ्यात खाच नाही, त्यामुळे ती जुन्या यंत्रात घातली तर त्याचं बटणच सरकत नाही.

देवयानी काळी कॅसेट. माझ्याकडेही चालते, रंग दिल्लीला दाखवते. तिच्यावर माझा राग नाही, ऐकलं ते तिने खरं मानलं. माझी जांभळी बनारसी तिला द्यावी. माझा मुलगा पारदर्शक कॅसेट आहे. आतलं सगळं दिसतं, पण माझ्यात लागत नाही, आणि तो म्हणतो यंत्र बिघडलं. राखाडी यंत्र मी. मला नवं सगळंच चालवता येत नाही, कबूल आहे. जुनं ते सोनं असलं काही मी म्हणत नाही, जुन्यात पुष्कळ पितळ असतं. पण जे नवं जुन्याला ओळखत नाही त्याला नवं कशाला म्हणायचं, ते परकं. माझ्या घरात परकं कोण, याचा निवाडा मी असा केला आहे. मालविका आणि कुणाल यांच्या बोलण्यात चार हिंदी शब्द आहेत म्हणून मी त्यांना परकं म्हणणार नाही, आणि माझ्या मागे कोणी म्हटलेलं मला चालणार नाही.

कुणालला मी ह्यांचा ब्रश देते. जांभळं यंत्र त्याने दिलं, ते त्याचंच आहे. राखाडी यंत्र आणि कॅसेट मालविकेला. बँकेतली शिल्लक माझ्या दिवसकार्याला लावावी आणि उरेल त्यातून घाटावर सकाळी बसणाऱ्या म्हाताऱ्यांना चहा पाजावा. अग्नी देवदत्तने द्यावा, तो त्याचा अधिकार आहे. वेळेवर आला नाही तर मालविकेने द्यावा, आणि शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं तर त्यांच्या हातात ती सेलची गोणी ठेवावी.

कलम सहा. कॅसेटीतल्या तीन घरांबद्दल.

दुसरं घर माझं. मी गेल्यावर मालविकेने ते पुसावं आणि तिथे स्वतःचं नाव घालावं. तिला अजून घर नाही, म्हणून माझं द्यायचं. पुसताना रडत बसू नये.

पहिलं घर पुसू नये.

तिसरं घर रिकामं नाही. देवा, हे तुला माहीत नाही, कारण दिवाळीत मी यंत्र दोनदा पुढे केलं आणि तू दोन्ही वेळा आत्ता नको म्हणालास. तिसऱ्या घरात तुझं नाव आहे. डी, ई, व्ही, ए. झटका यायच्या आदल्या आठवड्यात ह्यांनी ते घातलं, पोरगा येईल तेव्हा बसवू म्हणाले. त्यातला बुटका अजून पहिल्या पावलावर उभा आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

तुला मी घर देत नाही, एक भिंतही देत नाही. तुला फक्त एक हक्क देते. पहिल्या घरातलं शेवटचं दार उघडायचं असेल तर ते तू उघडावंस, दुसऱ्या कोणी नाही. ते दिल्लीला नेऊन उघडता येणार नाही. इथे, या गच्चीवर, उन्हात, आपल्या लेकीच्या शेजारी बसून उघडायचं. ती तुला बटणं दाखवेल. ती 'दबाव ना बाबा' म्हणेल, तू 'दाब' असं ऐक. कॅसेटीच्या पोटात एक चपटी बॅटरी असते. ती संपली की तिन्ही घरं आपोआप पुसली जातात, मग कितीही ब्रश फिरवा. किती वर्षं टिकेल ते कुणालला सांगता येत नाही. माझंही कोणी सांगत नाही. आलास तर मी असताना ये. नाही आलास तर हे आहेत तिथे उभे राहतील, आणि घर मालविकेचंच राहील. यात काही बदल होणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉ. रत्नाकर आठल्ये यांनी करावी. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातला एक शब्दही मला कमी करावासा वाटला नाही.

स्थळ: दूधविनायक, वाराणसी
दिनांक: १४ मे १९९९

(सही) शरदिनी गोपीनाथ टोकेकर

साक्षीदार:

१. अन्नपूर्णा पाटणकर, राहणार दूधविनायक. सही माझ्यासमोर झाली.

२. डॉ. रत्नाकर आठल्ये, राहणार भोसले घाट. सही माझ्यासमोर झाली. सही करतेवेळी बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. पेन हातात घेण्यापूर्वी त्यांनी मला दोन मिनिटं थांबायला सांगितलं, ह्यांना विहिरीवरून परत आणून दारापाशी ठेवते म्हणाल्या. मी थांबलो.